एक गोटी, एक घंटा

मतदान संपल्यावर यंत्रावरचे 'क्लोज'चे बटण दाबायचे आणि उमटणारा आकडा मतदारांच्या नोंदवहीतल्या शेवटच्या अनुक्रमांकाशी जुळतो का ते पाहायचे, हा केंद्राध्यक्षाच्या दिवसातला सर्वांत धाकधुकीचा क्षण असतो. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत कोकणातल्या एका वाडीवरच्या शाळेत मी त्या खुर्चीवर होतो. नोंदवहीत ६१२ सह्या आणि अंगठे होते, यंत्र ६११ म्हणत होते. उमेदवारांचे प्रतिनिधी समोरच्या बाकांवर बसले होते, त्यांतले दोघे एव्हाना उभे राहिले होते, बाहेर एसटीची गाडी इंजिन चालू ठेवून आमची वाट पाहत होती, आणि मी तिसऱ्यांदा पाने उलटत तीच बेरीज करत होतो. शेवटी यंत्राजवळ बसलेल्या बाईंना आठवले. भर दुपारी नातवाचा हात धरून एक आजी आल्या होत्या. त्यांनी अंगठा उठवला, बोटाला शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन यंत्राला हात जोडले आणि दुसऱ्या बाजूने त्या बाहेर पडल्या. बटण दाबायचे राहूनच गेले. बाई म्हणाल्या, "सर, तेव्हा बीप ऐकू आली नव्हती. मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं." तो सगळा प्रकार मी केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत सविस्तर लिहिला, प्रतिनिधींनी कुरकुरत सह्या केल्या आणि रात्री साडेअकराला आम्ही पेट्या जमा केल्या.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया नावाच्या देशात लोक गोट्यांनी मतदान करतात आणि गोटी पिंपात पडली की घंटा वाजते, अशी बातमी वाचनात आली तेव्हा मला पहिल्यांदा त्या आजी आठवल्या. देशाचे नाव मात्र मला नवीन नव्हते. आमच्याकडच्या काजू कारखान्यांना गावची बी वर्षभर पुरत नाही. हंगाम सरला की आफ्रिकेतून आलेली बी फोडली जाते, आणि तिच्या गोणपाटांवर गिनी-बिसाऊ, बेनिन, आयव्हरी कोस्ट यांच्या जोडीला गांबियाचेही नाव छापलेले असते. गावातल्या बागायतदारांच्या लेखी ही नावे म्हणजे भाव पाडणारे शत्रू. पुढे २०२२ मध्ये भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधाचा गांबियातल्या ६६ मुलांच्या मृत्यूशी संबंध असू शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला आणि आपल्या सरकारने तो संबंध नाकारला, तेव्हा ते नाव चार दिवस आपल्या वर्तमानपत्रांतही गाजले. मी मात्र त्या देशाच्या मागे लागलो तो गोट्यांमुळे, आणि मग त्या गोट्यांनी ज्याला खुर्चीवरून खाली उतरवले त्या माणसामुळे.

गांबिया हा आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत लहान देश आहे. क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्याहून थोडेसेच अधिक. नकाशावर तो गांबिया नदीच्या दोन्ही काठांना चिकटलेल्या एखाद्या लांबट चिंधीसारखा दिसतो. पश्चिमेचा छोटासा समुद्रकिनारा सोडला तर चहूकडे सेनेगल. इंग्रजांनी नदी धरली, फ्रेंचांनी भोवतालचा मुलूख धरला आणि सीमा तशीच राहिली. मुख्य पीक भुईमुगाचे, शिवाय किनाऱ्यावर येणाऱ्या युरोपीय पर्यटकांचा पैसा. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी देश स्वतंत्र झाला आणि निम्म्याहून कितीतरी जास्त लोकांना लिहितावाचता येत नसल्यामुळे त्याच सुमारास मतपत्रिकेऐवजी गोटीची पद्धत रूढ झाली.

ही पद्धत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. मतदार आत येतो, ओळख पटवतो, बोटाला शाई लावून घेतो आणि अधिकारी त्याच्या हातावर एक गोटी ठेवतो, आपण लहानपणी खेळायचो तशीच काचेची. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराचे एक पत्र्याचे पिंप असते, पक्षाच्या रंगात रंगवलेले आणि वर उमेदवाराचे छायाचित्र चिकटवलेले. पिंपाच्या डोक्यावर एक नळी असते. तिच्यातून गोटी सोडली की ती आतल्या घंटेवर आपटते, एकदाच 'टण्ण' वाजते आणि तळाशी पसरलेल्या वाळूत किंवा लाकडाच्या भुशात निमूटपणे रुतते. भुसा एवढ्यासाठी की खाली पडलेल्या गोटीचा दुसरा आवाज होऊ नये. बाहेर बसलेल्यांना एक घंटा ऐकू आली म्हणजे एक मत पडले. दोनदा वाजली तर कोणीतरी खिशातून जास्तीची गोटी आणली, असे समजायचे. घंटेचा आवाज सायकलच्या घंटेसारखा असल्यामुळे मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकल चालवायला बंदी असते. मोजणीच्या वेळी गोट्या लाकडी तबकांवर ओततात. एका तबकाला २०० किंवा ५०० खळगे असतात आणि सगळे खळगे भरले की तेवढी मते झाली. नजर टाकली की हिशेब कळतो. अक्षरओळख नसलेल्या प्रतिनिधीलाही आपल्या माणसाचे तबक भरले की नाही हे सांगायला मास्तर लागत नाही. आपल्याकडेही १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि मतदाराने कुठलीही खूण न करता मतपत्रिका आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची असे. आपण ती पद्धत पुढे सोडून दिली, गांबियाने जपली.

अशी ऐकू येणारी, डोळ्यांना दिसणारी, कोणालाही समजणारी पद्धत हाताशी असूनही त्या देशाने ५१ वर्षांत एकदाही मतदानाने राष्ट्रप्रमुख बदलला नव्हता. पहिले नेते दावदा जवारा हे पेशाने पशुवैद्य. स्कॉटलंडमध्ये शिकून आले, १९६२ मध्ये स्वतंत्र होऊ घातलेल्या वसाहतीचे मुख्यमंत्रीवजा प्रमुख झाले, नंतर पंतप्रधान, १९७० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर राष्ट्राध्यक्ष, आणि निवडणुका नियमाने घेऊनही १९९४ पर्यंत तेच. १९८१ मध्ये ते लंडनला चार्ल्स आणि डायानाच्या लग्नाला गेले असताना इकडे बंड झाले, ते सेनेगलच्या फौजेने मोडून काढले. जवारांच्या राजवटीला क्रूर म्हणता येत नाही. विरोधक होते, वर्तमानपत्रे होती, फाशीची शिक्षाही त्यांनी रद्द केली होती. पण तीस वर्षांत सत्तेभोवती जी सुस्ती आणि जो भ्रष्टाचार साठतो तो तिथेही साठला, आणि लायबेरियातल्या शांतिसेनेतून परतलेल्या सैनिकांचे भत्ते थकले.

२२ जुलै १९९४ रोजी काही कनिष्ठ अधिकारी राजधानी बांजुलमध्ये शिरले. फारसा गोळीबार झाला नाही. जवारा बंदरात सरावासाठी आलेल्या अमेरिकी नौदलाच्या जहाजावर चढले आणि देशाबाहेर पडले. संध्याकाळपर्यंत सत्ता चार तरुण लष्करी अधिकाऱ्यांच्या हातात होती आणि त्यांचा म्होरक्या होता २९ वर्षांचा लेफ्टनंट याह्या जामे. सेनेगलच्या सीमेलगतच्या कनिलाई नावाच्या खेड्यातला, शाळेनंतर सशस्त्र पोलीस दलात आणि तिथून सैन्यात गेलेला हा माणूस त्या दिवसापर्यंत देशात कोणाला माहीतही नव्हता. काळा चष्मा आणि लष्करी गणवेश घालून त्याने सांगितले की आपण निराळे सैनिक आहोत, घाण साफ करायला आलो आहोत आणि काम झाले की बराकीत परत जाऊ. आधी चार वर्षांची मुदत जाहीर केली, मग मदत देणाऱ्या देशांच्या दबावामुळे ती दोन वर्षांवर आणली. देशातल्या अनेकांना, आणि विशेषतः तरुणांना, हे आश्वासन खरे वाटले. मला त्यांना नावे ठेवता येत नाहीत. ज्याला तीस वर्षांत एकच चेहरा दिसला आहे त्याला दुसरा कुठलाही चेहरा आधी आशेचाच वाटतो.

दोन वर्षांनी निवडणूक खरेच झाली. पण जामे तोपर्यंत लष्करातून निवृत्त होऊन उमेदवार बनला होता, जुन्या प्रमुख पक्षांवर बंदी होती, आणि त्याच्याच अर्थमंत्र्याचा, उस्मान कोरो सीसेचा, जळालेला मृतदेह सीसेच्याच गाडीत सापडून वर्ष झाले होते. सप्टेंबर १९९६ मध्ये जामे सुमारे ५६ टक्के मते मिळवून जिंकला, मानवी हक्कांचे वकील उसैनू दार्बो दुसरे आले. त्यानंतर दर पाच वर्षांनी हाच प्रयोग झाला. २००१ मध्ये सुमारे ५३ टक्के, २००६ मध्ये ६७, २०११ मध्ये ७१. घंटा दर वेळी वाजत होती आणि गोट्या दर वेळी मोजल्या जात होत्या. पिंपात कोणी हात घालून गोट्या बदलल्याचा ठोस पुरावा शोधायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही, कारण तशी गरजच पडत नव्हती. गोटी हातात पडण्याच्या कितीतरी आधी निवडणूक उरकलेली असे. सरकारी दूरचित्रवाणी दिवसभर एकच चेहरा दाखवी. प्रचाराला अधिकृत मुदत दोनएक आठवड्यांची, उरलेली पाच वर्षे प्रचार करणारा एकटाच. गावच्या मुखियांच्या नेमणुका राष्ट्राध्यक्षाच्या हातात. २०१५ मध्ये उमेदवारीची अनामत १० हजार दलासींवरून (दलासी हे तिथले चलन) एकदम ५ लाखांवर नेली गेली. २०११ च्या निवडणुकीला तर इकोवास या पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या संघटनेने निरीक्षक पाठवायलाच नकार दिला. जनता आणि विरोधक दहशतीखाली आहेत, असे कारण त्यांनी उघड दिले. शेजाऱ्यांनी असे लेखी बोलून दाखवणे त्या भागात दुर्मीळ होते.

दहशत हा शब्द इथे अलंकारिक नाही. एप्रिल २००० मध्ये विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळीबार होऊन किमान १४ जण मारले गेले. डिसेंबर २००४ मध्ये 'द पॉइंट' या वर्तमानपत्राचे संपादक देयदा हैदरा यांना रात्री घरी परतताना गाडीतच गोळ्या घातल्या. २००५ मध्ये युरोपला जायला निघालेले पन्नासेक स्थलांतरित, त्यांतले बहुसंख्य घानाचे, भाडोत्री सैनिक समजून पकडले आणि ठार मारले. २००७ मध्ये जामेने जाहीर केले की आपल्याला एड्सवर झाडपाल्याचे औषध सापडले आहे, आणि रुग्णांची नेहमीची औषधे बंद करून त्यांच्या अंगाला स्वहस्ते लेप लावतानाची दृश्ये दूरचित्रवाणीवर दाखवली. २००९ मध्ये चेटूक शोधण्याच्या नावाखाली शेकडो म्हाताऱ्या माणसांना गावांतून उचलून नेऊन गुंगी आणणारे काढे पाजले गेले. हे वाचताना एक गोष्ट सारखी मनात येते. विक्षिप्त हुकूमशहांच्या गोष्टी आपण जराशा करमणुकीने वाचतो. अंगभर पांढरा झगा, हातात जपमाळ आणि काठी, आणि नावामागे शेख, प्रोफेसर, अल्हाजी, डॉक्टर अशा पदव्यांची मालगाडी, हे पाहून जगभरच्या पत्रकारांना हसू येई. त्या लेपाखाली झोपलेल्या रुग्णांना ते येत नसणार.

त्या मालगाडीला काही वर्षे 'बाबिली मान्सा' असाही एक डबा जोडलेला होता. मांडिंका भाषेतल्या या बिरुदाचा अर्थ पूल बांधणारा, किंवा नद्या जिंकणारा, असा सांगतात. गांबियात याला वेगळेच वजन आहे, कारण देश नदीने उभा चिरलेला आणि पलीकडे जायला फाराफेन्नीच्या फेरीबोटीवर ट्रकांच्या तासन् तास, कधी कधी दिवसेंदिवस रांगा. न्यायाने हेही सांगायला हवे की जामेच्या काळात रस्ते झाले, शाळा आणि रुग्णालये झाली, देशाचे पहिले दूरचित्रवाणी केंद्र आणि पहिले विद्यापीठ झाले, आणि त्याच्या बंडाच्या तारखेची ३५ मीटर उंच कमानही बांजुलच्या वेशीवर उभी राहिली. फक्त तो पूल काही झाला नाही. तो जानेवारी २०१९ मध्ये वाहतुकीला खुला झाला तेव्हा पूल बांधणाऱ्यांचा राजा देश सोडून गेल्याला दोन वर्षे उलटली होती.

२०११ मध्ये एका मुलाखतीत त्याने सांगितले होते की अल्लाची इच्छा असेल तर आपण एक अब्ज वर्षे राज्य करू. प्रत्यक्षात पाचच वर्षे उरली होती.

एप्रिल २०१६ मध्ये निवडणूक कायद्यात सुधारणा करा अशी मागणी करणारा एक लहानसा मोर्चा निघाला. त्याचा पुढारी सोलो सांडेंग याला पकडून नेले आणि कोठडीत त्याचा छळ करून जीव घेतला. दोन दिवसांनी, तो जिवंत वा मृत आम्हाला द्या, असे म्हणत वयोवृद्ध दार्बो स्वतः रस्त्यावर आले, तर त्यांनाही पकडून तीन वर्षांची शिक्षा झाली. प्रमुख नेता तुरुंगात गेल्यावर विरोधकांनी जे वीस वर्षांत जमवले नव्हते ते जमवले. सात पक्ष एकत्र आले आणि ऑक्टोबरच्या अखेरीला त्यांनी अदामा बॅरो नावाचा, कधीही कुठल्या सरकारी पदावर न बसलेला, जमीनजुमल्याच्या व्यवसायातला माणूस उमेदवार म्हणून निवडला. तरुणपणी लंडनमध्ये असताना तो एका दुकानात सुरक्षारक्षक होता. त्याने वचन दिले की तीन वर्षांचे संक्रमणकालीन सरकार चालवीन आणि मग बाजूला होईन. या तीन वर्षांकडे आपल्याला परत यायचे आहे.

१ डिसेंबर २०१६ ला मतदान झाले. आदल्या संध्याकाळीच इंटरनेट आणि परदेशी दूरध्वनी बंद करण्यात आले होते. पण या वेळी एक बदल झाला होता. गोट्या दूरच्या मोजणी केंद्रावर न नेता प्रत्येक मतदान केंद्रातच, प्रतिनिधींच्या देखत मोजल्या गेल्या. माझ्या मते त्या निवडणुकीचा खरा नायक हा बदल आहे. तबकांतले खळगे भरताना गावातल्या माणसांनी पाहिले, आकडा तिथेच कागदावर चढला, आणि तो कागद वर पोचायच्या आत आकडा लोकांच्या तोंडी झाला. दुसऱ्या दिवशी निवडणूक आयोगाचे अध्यक्ष अलियू मोमार न्जाय यांनी निकाल वाचला. ऐंशी ओलांडलेले हे गृहस्थ जामेनेच नेमलेले. बॅरो २,६३,५१५, जामे २,१२,०९९, तिसरे उमेदवार मामा कांदे १,०२,९६९.

त्या संध्याकाळी जामेने दूरचित्रवाणीवर येऊन बॅरोला फोन लावला, हसत हसत अभिनंदन केले आणि आपण शेतीकडे वळू असे सांगितले. गांबियाच्या निवडणुकीत लबाडी होऊच शकत नाही हे तो वर्षानुवर्षे सांगत आला होता, आता त्या दाव्याची किंमत त्यालाच मोजावी लागत होती. बांजुलच्या आसपास लोक रात्रभर रस्त्यावर नाचले आणि त्याची पोस्टरे फाडली.

५ डिसेंबरला आयोगाने दुरुस्ती जाहीर केली. बासे भागाचे आकडे बेरजेत चुकीचे धरले गेले होते. सुधारित आकडे असे: बॅरो २,२७,७०८, जामे २,०८,४८७, कांदे ८९,७६८. विजेता तोच राहिला, पण मतांचे अंतर ५१ हजारांवरून १९,२२१ वर आले. हे वाचले तेव्हा माझ्या पोटात त्या वाडीवरच्या शाळेतला गोळा पुन्हा आला. एका मताच्या फरकासाठी मी पाऊण तास घाम गाळला होता. इथे एकट्या बॅरोची ३५,८०७ मते एका कागदावरून उडाली होती, आणि तीही खुनशी माणसासमोर. न्जाय यांना ही चूक दडपता आली असती. निकाल तर बदलत नव्हता. त्यांनी ती जाहीर केली. मला हा प्रामाणिकपणा जितका थोर वाटतो तितकाच त्या वेळचा कारकुनी ढिसाळपणा अक्षम्य वाटतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच कार्यालयात, एकाच आठवड्यात घडल्या हेही नजरेआड करता येत नाही.

९ डिसेंबरच्या रात्री जामे पुन्हा दूरचित्रवाणीवर आला आणि निकाल आपल्याला अमान्य आहे असे सांगून त्याने नव्या निवडणुकीची मागणी केली. बेरजेतली चूक हे सांगायचे कारण होते. मधल्या काळात आघाडीतल्या एका वरिष्ठ नेत्या परदेशी वृत्तपत्राला म्हणाल्या होत्या की जामेवर खटला भरला जाईल. बहुतेकांचे मत असे की जामेचे मन फिरले ते या वाक्याने. त्या बाईंचा राग कोणाला कळणार नाही? पण खुर्ची अजून त्याच्याखालीच होती, फौज अजून त्याचीच होती आणि शपथविधीला सहा आठवडे होते. विहीर अजून पोहून व्हायची होती आणि कपडे वाळत घालायची घाई झाली.

याच ९ डिसेंबरला घानाचे राष्ट्राध्यक्ष जॉन महामा यांनी आपल्या देशातल्या निवडणुकीतला पराभव मान्य केला. चार दिवसांनी नायजेरियाचे बुहारी, लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ आणि सिएरा लिओनचे कोरोमा यांच्याबरोबर जामेची समजूत घालायला बांजुलला जे शिष्टमंडळ गेले त्यात महामाही होते. नुकताच हरलेला एक माणूस दुसऱ्या हरलेल्या माणसाला, हरल्यावर काय करायचे असते, हे समजावायला गेला होता. त्या खोलीत काय बोलणे झाले असेल याची कल्पना करायला मला आवडते. त्याच दिवशी इकडे सैनिकांनी निवडणूक आयोगाचे कार्यालय ताब्यात घेतले. जामेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, पण न्यायालयात पुरेसे न्यायाधीशच नव्हते. ते त्यानेच काढून टाकले होते, आणि मे २०१५ पासून हे न्यायालय भरलेच नव्हते. बावीस वर्षांत ज्या ज्या संस्थेचे खिळे उपटले होते तिच्या दारात उभे राहून न्याय मागायची पाळी शेवटी त्याच्यावर आली.

जानेवारीत न्जाय जिवाच्या भीतीने सेनेगलला निघून गेले. बॅरोलाही तिकडेच आसरा घ्यावा लागला. त्याच दिवसांत मायदेशी राहिलेला त्याचा आठ वर्षांचा मुलगा कुत्रा चावून दगावला आणि बापाला मातीलाही जाता आले नाही. निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या चरित्रातली ही एक ओळ मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा जड वाटते. ४५ हजारांच्या आसपास लोक डोक्यावर गाद्या आणि भांडी घेऊन सीमा ओलांडत होते. १७ जानेवारीला जामेने आणीबाणी पुकारली. १९ जानेवारी २०१७ रोजी बॅरोने सेनेगलची राजधानी डाकारमधल्या गांबियाच्या दूतावासातल्या एका छोट्याशा, माणसांनी खच्चून भरलेल्या खोलीत शपथ घेतली, त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एकमताने त्याच्या बाजूने ठराव केला आणि इकोवासचे सैन्य सीमेपलीकडे सरकू लागले. निष्ठेचे पारडे दीड महिन्यात या टोकाहून त्या टोकाला फिरवणारे गांबियाचे सेनापती या वेळी म्हणाले की राजकारण्यांच्या भांडणासाठी आपण आपली माणसे मरायला पाठवणार नाही. २१ जानेवारीच्या रात्री जामे विमानाच्या शिडीवर चढला, कुराण उंचावून लोकांकडे पाहिले आणि इक्वेटोरियल गिनीला निघून गेला. त्याच्या आलिशान मोटारी मालवाहू विमानाने मागाहून गेल्या.

इथे गोष्ट संपवणाऱ्यांचा मला थोडा हेवा वाटतो. पुढे सत्यशोधन आयोग बसला. जानेवारी २०१९ पासून मे २०२१ पर्यंत त्याची सुनावणी दूरचित्रवाणीवर चालू होती. मारेकरी पथकातल्या माणसांनी स्वतःच्या तोंडाने खून सांगितले. जामे आणि त्याच्या माणसांच्या हातून २४० ते २५० जणांचे जीव गेले, असा निष्कर्ष आयोगाने काढला. पण त्याच काळात बॅरोची तीन वर्षे संपत आली आणि घटनेने आपल्याला पाच वर्षे दिली आहेत याची त्याला आठवण झाली. कायद्याने त्याचे म्हणणे चूक नव्हते. 'तीन वर्षे भरली' असे म्हणणारी चळवळ उभी राहिली. जानेवारी २०२० मध्ये तिच्या मोर्चावर अश्रुधूर सुटला, १३७ जण पकडले गेले आणि संघटनेवर बंदी आली. राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीवर मर्यादा घालणारा नव्या घटनेचा मसुदा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत पडला. बाजूने ३१, विरोधात २३, आणि लागणार होते तीन चतुर्थांश. तुरुंगातून सुटून त्याच्या सरकारात उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या दार्बोंना त्याने काढून टाकले, स्वतःचा पक्ष काढला आणि २०२१ मध्ये जामेच्याच जुन्या पक्षाशी युती केली. त्या पक्षाचे पुढारी पुढल्या वर्षी संसदेचे सभापती झाले.

जामे बराकीत परतणार होता, बॅरो तीन वर्षांनी बाजूला होणार होता. दोघांना एका तागडीत घालणे मला अन्यायाचे वाटते. बॅरोच्या गांबियात संपादकांना गोळ्या घातल्या जात नाहीत आणि त्याच्यावर टीका करणारी वर्तमानपत्रे दुसऱ्या दिवशीही निघतात. तरीही बाजारपेठेच्या गावी चार दिवसांसाठी आलेला पाहुणा अंगणात कुंपण घालू लागला की घरातली जुनी माणसे जशी एकमेकांकडे पाहतात, तसे त्या वर्षी अनेक गांबियन एकमेकांकडे पाहत असतील.

४ डिसेंबर २०२१ ला पुन्हा पिंपे मांडली गेली, पुन्हा गोट्या वाटल्या गेल्या. नोंदलेल्या ९ लाख ६२ हजार मतदारांपैकी जवळपास नऊ दशांश आले. बॅरोला ५३ टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळाली, दार्बोंना सुमारे २८. सत्यशोधन आयोगासमोर साक्षीदारांची उलटतपासणी घेणारे, घराघरांत ओळखले जाणारे वकील एसा फाल यांनीही उमेदवारी केली होती. त्यांच्या पिंपात अगदी थोड्या गोट्या पडल्या. दार्बोंना निकाल मान्य नव्हता. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. या वेळी न्यायालयात न्यायाधीश होते, आणि त्यांनी २८ डिसेंबरला, कागदपत्रे नियमाप्रमाणे बजावली गेली नाहीत या तांत्रिक मुद्द्यावर, अर्ज निकाली काढला. तंट्याचा गाभा ऐकलाच गेला नाही याची मला चुटपुट लागते. तरी कोणी सीमा ओलांडली नाही, एवढेही त्या देशाच्या हिशेबात लहान नाही. पुढची निवडणूक डिसेंबर २०२६ मध्ये ठरलेली आहे आणि मुदतीची मर्यादा अजूनही घटनेत नाही.

२०२१ चा तो निकाल जाहीर होतानाचे चित्रीकरण मी पाहिले आहे. समोर ध्वनिक्षेपकांची गर्दी, आणि खुर्चीवर तेच न्जाय, पाच वर्षांनी आणखी वाकलेले, चष्म्यातून कागदावरचे आकडे मतदारसंघवार वाचणारे. आवाज सपाट, न चढणारा, न थरथरणारा. वाचता वाचता ते एखाद्या आकड्यापाशी थांबतात, कागद जरा जवळ घेतात, आणि मग तोच आकडा पुन्हा एकदा, सावकाश वाचतात.